शिक्षिका होण्याआधी माई विद्यार्थिनी होत्या

३ जानेवारी आली की आपण क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो. भाषणे होतात, सनातन्यांनी फेकलेले शेण-चिखल आठवतात. ते आठवलेच पाहिजेत. परंतु या शिक्षिकेला शिकविले कोणी, हे आपण विचारतो का? आपल्या वस्त्यांतून डी.एड., बी.एड. करणाऱ्या मुलींना तरी हे माहीत असायला हवे.

१८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी जन्मलेल्या माई १८४० साली लग्न होऊन पुण्यात आल्या. त्यांचे पहिले गुरू जोतीराव. सोबत शिकायला सगुणाबाई क्षीरसागर, ज्यांनी आईविना पोरक्या जोतीरावांना मायेने वाढविले. पुढील शिक्षणाची जबाबदारी जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे व केशव शिवराम भवाळकर यांनी उचलली. हे दोघे जन्माने ब्राह्मण होते. आम्ही वकिली करतो. पुरावा सोयीचा नसला तरी तो दडवायचा नसतो. आमचा लढा ब्राह्मण्याशी आहे, माणसांशी नाही. त्यानंतर तेव्हाच्या अहमदनगरात अमेरिकन मिशनच्या फरारबाई आणि पुण्यात मिचेलबाई यांच्याकडे माईंनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले.

म्हणजे १८४८ साली भिडेवाड्यात उभ्या राहिलेल्या माई निव्वळ जोतीरावांच्या पत्नी नव्हत्या. त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या. वय जेमतेम १७. १८४९ साली सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले, तरी शाळा सुटली नाही. १८५१ साली चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली, तिथे माईंनी बिनपगारी काम केले.

गुरूंचे ऋण माईंनी कसे फेडले? फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील १४ वर्षांच्या मुलीने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना अक्षराची बंदी होती, त्यांची लेक धर्ममार्तंडांना जाब विचारू लागली. माईंच्या शिकवण्याचा याहून मोठा पुरावा कोणता? पुढे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या.

आज शिक्षिकेचे प्रशिक्षण घेणाऱ्या आमच्या लेकींना आम्ही बिनपगारी राबा, असे मुळीच सांगणार नाही. ज्या घरात पहिल्यांदाच पगार येणार आहे, तिथे नोकरीचे मोल आम्ही जाणतो. हक्काचा पगार मागा, त्यासाठी संघटित व्हा. मात्र वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली एखादी मुक्ता असेल, तिच्याकडे आधी बघा. तुम्हाला कोणी शिकविले, हे विसरू नका आणि तुमच्या हातून कोण लिहिते होणार, हे आजच ठरवा.

जय ज्योती! जय भीम!