संशोधनाची पहिली तीन वर्षे : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर

जुलै १९३० अखेर एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर संशोधनासाठी मुंबईहून इंग्लंडला निघाले. श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असते, हे त्यांनी बोटीवरच गणिताने ताडले. केंब्रिजमध्ये मात्र मार्गदर्शक फाउलर यांनाही ते पटेना. डिरॅक यांच्यासारखे प्रज्ञावंत भोवती पाहून त्यांना स्वतःच्या कुवतीविषयी शंका वाटू लागली. १९३१ मध्ये मायदेशी आई निवर्तली. अंत्यदर्शनही घडले नाही. विषय बदलावा असे मनात येई, तरी अभ्यास थांबला नाही. डिरॅक यांच्या सल्ल्याने ते कोपनहेगनला बोर यांच्या संस्थेत गेले आणि तेथे मन सावरले. १९३३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. ताऱ्यांवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक थेट १९८३ मध्ये. आपल्या शाळेतून दूरदेशी संशोधनास निघणाऱ्यांनी त्यांची ही पहिली तीन वर्षे अवश्य स्मरावीत.