टोपीवरचा व्हॉन डच कोण?

तुमच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी टोपीवर ‘व्हॉन डच’ लिहिलेलं असेलच. तो ब्रँड नंतर, आधी माणूस! खरं नाव केनेथ हॉवर्ड, जन्म १९२९. लॉस एंजेलिसमध्ये वडील पाट्या रंगवायचे, ब्रश घरातच होता.

१९५० च्या दशकात तिथली पोरं जुन्या फोर्ड कार, पिकअप कापून-ठोकून हॉट रॉड बनवायची. पत्रा घासल्याचे ओरखडे राहायचे. यानं त्यावर बारीक रंगीत रेघा ओढल्या आणि लोक रेघांसाठीच येऊ लागले. गिऱ्हाइकानं फक्त वेळ विकत घ्यायचा, डिझाइन हाच ठरवणार. काय माज! वर्णद्वेषीही होता, तेही सांगायला हवं.

पैशाचा मात्र तिटकारा. शेवटी एका जुन्या बसमध्येच राहायचा. १९९२ मध्ये गेला. मग मुलींनी त्याचं नाव विकलं, त्यानंतर आल्या या टोप्या.