चोराची चाहूल दूरच्या ऑफिसात पोहोचवणारा एडविन होम्स : घराच्या अलार्मपासून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंतचा प्रवास!

घराच्या दारापाशी लावलेलं छोटं कीपॅड. पिन टाकला की अलार्म सुरू. स्क्रीनवर दिसतं, ‘मागचं दार उघडं’. तुम्ही गावाला असलात तरी मोबाईलवर सूचना येते आणि मॉनिटरिंग सेवा घेतली असेल तर कंट्रोल रूममधून फोनही येतो.

हे सगळं स्मार्टफोनच्या काळातलं वाटतं ना? पण यामागची मूळ कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे. ती धंद्यात उतरवली अमेरिकेतल्या एका दुकानदाराने. त्याचं नाव एडविन होम्स.

शोध एकाचा, धंदा दुसऱ्याचा

होम्सचा जन्म १८२० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातला. बोस्टनमध्ये तो शिवणकामाचं सामान आणि बारीकसारीक वस्तू विकायचा. विजेशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

अनेक ठिकाणी ‘बर्गलर अलार्मचा जनक’ म्हणून होम्सचं नाव दिलं जातं, पण ते अर्धसत्य आहे. विजेवर चालणाऱ्या या अलार्मचं पेटंट १८५३ साली ऑगस्टस रसेल पोप यांनी मिळवलं होतं. पोप हे बोस्टनजवळच्या सोमरव्हिल गावातले धर्मोपदेशक!

त्यांची युक्ती सोपी होती. दारं-खिडक्यांना तारा जोडायच्या आणि बॅटरीला घंटा लावायची. दार बंद असताना वीज वाहत नाही. दार उघडलं की सर्किट पूर्ण होतं, विद्युतचुंबक हातोडीला खेचतो आणि घंटा खणखणू लागते. चोराने घाबरून दार पुन्हा लावलं तरी घंटा थांबत नसे.

१८५७ साली होम्सने पोप यांच्याकडून या पेटंटचे हक्क विकत घेतले. पुढच्याच वर्षी पोप वारले. आपल्या शोधाचं पुढे काय झालं, हे त्यांना पाहताच आलं नाही.

विकत कोण घेणार?

मोर्सने तारेने पहिला गाजलेला संदेश पाठवला तो १८४४ साली. म्हणजे तार हा प्रकारच तेव्हा नवा होता. खाली खिडकी उघडली की वरच्या मजल्यावर बिछान्याजवळ घंटा वाजते, हे लोकांना पटवणं सोपं नव्हतं. शिवाय घराच्या भिंतींतून वीज खेळवायची, याचीही भीती होतीच.

१८५९ साली होम्सने बस्तान न्यूयॉर्कला हलवलं. जिथे चोर जास्त, तिथे गिऱ्हाईक जास्त, हा त्यामागचा साधा हिशोब. तो बरोबर ठरला. आधी श्रीमंतांची घरं आणि मग बँका, दुकानं त्याच्याकडे वळू लागली.

घंटा वाजली, पण ऐकणार कोण?

घरातल्या अलार्मची एक मोठी अडचण होती. माणसं घरात असतील तरच घंटेचा उपयोग. रात्री बंद असलेल्या बँकेत ती कितीही वाजली तरी काय फायदा?

यावरचा उपाय म्हणजे मध्यवर्ती केंद्र. प्रत्येक इमारतीतून एक तार थेट होम्सच्या ऑफिसात यायची. तिथे रात्रभर माणूस बसलेला. कुठल्या तारेवर इशारा आला ते बघायचं आणि त्या पत्त्यावर माणूस पाठवायचा. आज आपण ज्याला रिमोट मॉनिटरिंग म्हणतो, ते हेच!

तुमच्या कीपॅडवरच्या ‘झोन’मागेही हाच विचार आहे. नुसतं ‘कुठेतरी काहीतरी झालंय’ हे कळून उपयोग नाही, नेमकं कुठे ते कळायला हवं. म्हणूनच सिस्टीम लावताना ‘झोन १’, ‘झोन २’ असं न ठेवता ‘स्वयंपाकघराची खिडकी’, ‘गॅलरीचं दार’ अशी नावं द्यावीत.

रात्री अलार्म, दिवसा टेलिफोन

होम्सची उपकरणं बोस्टनमध्ये चार्ल्स विल्यम्स यांच्या कारखान्यात बनायची. याच कारखान्यात थॉमस वॉटसन नावाचा तरुण कारागीर होता आणि इथेच अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे टेलिफोनचे प्रयोग चालले होते.

टेलिफोन तयार झाला, पण शहरभर तारा कोण टाकणार? होम्सच्या तारा तर आधीच बँकांपर्यंत पोहोचलेल्या होत्या आणि दिवसा रिकाम्याच असायच्या. मे १८७७ मध्ये होम्सच्या मुलाने बोस्टनच्या ऑफिसात याच तारांवर टेलिफोन जोडले. दिवसा बोलणं, रात्री राखण! टेलिफोन एक्स्चेंजच्या इतिहासाची सुरुवात इथून मानली जाते.

आणखी एक गंमत. एक्स्चेंजवर सुरुवातीला मुलगे काम करायचे, पण त्यांच्या उद्धटपणाला ग्राहक वैतागले. मग १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट या तरुणीला नोकरीवर घेतलं गेलं. ती जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर!

त्याच सुमारास होम्स न्यूयॉर्कच्या बेल टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष झाला. पुढे त्याने आपला हिस्सा १ लाख डॉलरला विकला. मात्र टेलिफोनच्या तारांवर अलार्म चालवायचा हक्क त्याने सोडला नाही. टेलिफोन हातचा गेला, पण मूळ धंदा शाबूत राहिला.

होम्स काय शिकवून गेला?

१९०१ साली होम्सचं निधन झालं. त्याने घंटा शोधली नाही आणि टेलिफोनही नाही. पण घंटा वाजल्यावर दुसऱ्या टोकाला जागा माणूस हवा, हे त्याने ओळखलं.

आजही हेच लागू आहे. महागडी सिस्टीम लावूनही सूचना जाणारा नंबर जुनाच असेल किंवा मोबाईल कायम सायलेंटवर असेल, तर ती रिकाम्या बँकेतली घंटाच ठरते. त्यामुळे आपल्याखेरीज शेजारी किंवा जवळच्या नातेवाइकाचा नंबरही त्यात टाका आणि महिन्यातून एकदा मुद्दाम दार उघडून सूचना खरंच पोहोचते का, ते तपासा.