साडेअकरा पौंडांचा जमाखर्च

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्त्यांच्या गोष्टी बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत अजून निघतात. त्या गोष्टींत भीमराव आंबेडकरांचे नाव पहिल्या मानाने घेतले जाते. पण त्यांना मिळालेली रक्कम सहसा कोणी सांगत नाही. ती होती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्या वेळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे सुमारे पावणेदोनशे रुपये झाले. त्या काळच्या हिंदुस्थानात ही रक्कम ऐटीची वाटे, पण न्यूयॉर्कमध्ये तिचे जेमतेम छप्पन डॉलर होत.

त्याआधीही महाराजांचा हात भीमरावांच्या पाठीशी होताच. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात असताना भीमरावांना दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीत आले, आणि २ फेब्रुवारीला वडील रामजीबाबा वारले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये करार झाला : परदेशी शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही. एक-दोन बिऱ्हाडे बदलून ते नवल भथेना या पारशी मित्राच्या शेजाराला स्थिरावले. चरित्रकारांनी त्यांच्या खाण्याचा हिशेब नोंदून ठेवला आहे : कॉफी, दोन मफिन आणि मांसाची किंवा माशाची एक बशी, मिळून एक डॉलर दहा सेंट. हा खर्च रोजचा धरला तर महिन्याचे तेहतीस डॉलर पोटातच गेले. उरलेल्या तेविसांत खोली, कपडे आणि किरकोळ खर्च. शिवाय मुंबईला रमाबाईंकडे घरखर्चाला पाठवायचे तेही त्यातूनच. असे असून या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात सुमारे दोन हजार पुस्तके घेतली! हौसमौज नाही, नाटके-सिनेमे नाहीत. जी काही उधळपट्टी झाली ती पुस्तकांवर. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध दिला आणि ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असे दोन्ही अभ्यास सुरू केले.

पण शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि १९१७ साली दोन्ही अभ्यास अर्धे टाकून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची सवलत दिली एवढाच दिलासा. सामान वेगळ्या जहाजाने निघाले होते. ते ‘साल्सेट’ जहाज महायुद्धात पाणतीराने बुडाले. त्याच्या भरपाईचे सहाशे रुपये हाती आले, आणि करार पाळण्यासाठी बडोद्याला येण्याचा खर्च त्यातूनच निघाला.

पुढचे बडोदेकरांना ठाऊक आहे, आणि ते आठवणे सुखाचे नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या या विद्वानाला आपल्या शहरात भाड्यानेही खोली मिळेना. एका पारशी सराईत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. हिंदू मित्राचे दार उघडले नाही, ख्रिस्ती मित्राचेही नाही. कमाटीबागेत एका झाडाखाली बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दहा वर्षांच्या कराराची बाब दप्तरात राहिली. संस्थानने पैसा मोजून दिला होता. डोक्यावर छप्पर देणे हे शहराचे काम होते, आणि आपल्या शहराने ते केले नाही.

आता अर्धा राहिलेला अभ्यास स्वतःच्या खिशातून पुरा करायचा होता. नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली. पगार बरा झाला तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच ठेवले. अशी शिल्लक, शाहू महाराजांचे दीड हजार आणि भथेनांकडून कर्जाऊ पाच हजार, एवढ्या बळावर १९२० च्या जुलैत लंडन गाठले.

येथे मात्र पक्क्या हिशेबी माणसालाही दगा देणारी गोष्ट घडली. १९२० च्या आरंभी रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक भाव होता. १९२१ मध्ये तो सोळा पेन्सांच्या आसपास आला. म्हणजे हजार रुपयांचे जेथे शंभर पौंड आले असते तेथे सहासष्ट पौंड आणि वर काही शिलिंग हाती पडू लागले. विद्यार्थी काटकसरीने दिवसाचे चार पेन्स वाचवी, आणि हुंडणावळ बसल्या जागी त्याची तिसरा हिस्सा पुंजी खाई. सकाळी टोस्ट, जॅम आणि चहा. दुपारचे जेवण नाहीच. ब्रिटिश म्युझियममध्ये संध्याकाळपर्यंत वाचन. रात्री बोव्हरिलचा पेला, आणि भूक फारच लागली तर ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजून खायचे. गाडीभाडे वाचवायला पायी चालायचे. अखेर सप्टेंबर १९२१ मध्ये शाहू महाराजांना पत्र लिहून त्यांनी दोनशे पौंड मागितले. परतल्यावर व्याजासह फेडीन, अशी मागणी होती. दान त्यांनी मागितले नाही.

गंमत अशी की त्या वेळी त्यांच्या टेबलावर जो प्रबंध तयार होत होता त्याचा विषय रुपया हाच होता : त्याची किंमत कशाने चढते, कशाने पडते, आणि चलनाचे नियम कोणाच्या सोयीने ठरतात. पडत्या भावाचा चटका लेखकाला त्याच वेळी घरच्या हिशेबातही बसत होता. हा प्रबंध परीक्षकांना झोंबला. फेरफार करून तो पुन्हा द्यावा लागला. १९२३ मध्ये डी. एस्सी. पदवी मिळाली आणि प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला.

तोपर्यंत पैसे संपून एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परतले होते. गाठीला कोलंबियाचे व लंडनचे शिक्षण होते, बॅरिस्टरीही होती. पण वकिलीची सनद घेण्यापुरते पैसे नव्हते. तेही नवल भथेनांनीच दिले.