विश्लेषण : मोतीबिंदूमुळे क्लोद मोने यांच्या चित्रांतला निळा रंग कसा हरवला?

तळ्यातील कमळे, त्यावरचा जपानी धाटणीचा पूल आणि पाण्यात उतरलेले आकाश ही फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०-१९२६) यांची ओळख. मात्र उतारवयात त्यांनी हाच पूल रंगवला, तेव्हा त्यात लाल, तांबूस आणि तपकिरी रंगांचा वणवा पेटला. पूल कुठे आहे, हे शोधावे लागते. कारण होते मोतीबिंदू.

शस्त्रक्रिया का टाळली?

सत्तरी ओलांडल्यावर, १९१२ मध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आढळला. शस्त्रक्रियेला मोने दहा वर्षे नकार देत राहिले. ही भीती अनाठायी नव्हती. चित्रकार मेरी कसाट यांना याच काळात अशा शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही. मग मोने ट्यूबवरची नावे वाचून रंग घेऊ लागले, पॅलेटवर रंगांचा क्रम ठरवून टाकला, उन्हात रुंद काठाची हॅट घालू लागले.

रंग का बदलतात?

डोळ्यातील पारदर्शक भिंग वयानुसार गढूळ आणि पिवळसर-तपकिरी होते. ते निळा-जांभळा प्रकाश अडवते, त्यामुळे जग जुन्या काचेतून पाहावे तसे पिवळट दिसते. कडा पुसट होतात, उजेडाचा त्रास होतो. बदल इतका सावकाश होतो की अनेकदा रुग्णाला तो कळतच नाही.

मोने यांची धूसर शैलीच मोतीबिंदूतून आली, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. ज्या सूर्योदयाच्या चित्रावरून ‘इम्प्रेशनिझम’ हे नाव पडले, ते त्यांनी तिशीत रंगवले होते.

अखेर तयार कसे झाले?

पहिले महायुद्ध संपताच, नोव्हेंबर १९१८ मध्ये मोने यांनी आपली कमळांची चित्रे देशाला भेट देऊ केली. १९२२ मध्ये तसा करार झाला, पण तोवर उजव्या डोळ्याला केवळ उजेड-अंधार कळत होता. मित्र आणि माजी पंतप्रधान जॉर्ज क्लेमाँसो हे स्वतः डॉक्टर. त्यांनी पिच्छा पुरवला. जानेवारी १९२३ मध्ये डॉ. शार्ल कुतेला यांनी उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. त्यानंतर अनेक दिवस डोके न हलवता पडून राहायचे होते. मोने हे अवघड रुग्ण ठरले. उरलेला पडदाही धूसर झाल्याने जुलैत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

कृत्रिम भिंग बसवण्याची सोय तेव्हा नव्हती. ती सुरुवात १९४९ मध्ये लंडनमध्ये झाली. मोने यांच्या वाट्याला आला जाड भिंगांचा चष्मा. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, दोन डोळ्यांतील प्रतिमा जुळत नसत. शिवाय पिवळी गाळणी गेल्याने आता सारे निळे दिसू लागले. ते संतापले, कुतेलांना दोष देऊ लागले, काही चित्रे नष्ट केली. रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहिले, तेव्हा हळूहळू हात पुन्हा बसला.

डाव्या डोळ्याला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. कमळांची चित्रेही जिवंतपणी हातावेगळी केली नाहीत. डिसेंबर १९२६ मध्ये ते गेले आणि पुढच्या मे महिन्यात पॅरिसच्या ऑरांजरीतील दोन लंबगोल दालने लोकांसाठी उघडली.