‘हॅड रादर’चा कैवारी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला हमखास अडविणारी काही वाक्ये असतात. ‘यू हॅड बेटर गो’ हे त्यांपैकी एक. सांगायचे असते आताचे, मग मध्ये भूतकाळाचे ‘हॅड’ कशासाठी? आणि त्याच्या मागोमाग ‘बेटर’ हे तुलनावाचक रूप कशासाठी? ‘आय हॅड रादर’ या प्रयोगाचे कोडेही असेच. त्याने अठराव्या शतकातील भल्याभल्या इंग्रज पंडितांना चकविले. ते उलगडण्यासाठी ज्याने जुने ग्रंथ पालथे घातले तो मात्र इंग्रज नव्हता. त्याच्या उमेदीची सोळा वर्षे हिंदुस्थानात, संस्कृत पोथ्यांच्या सहवासात गेली होती. त्याचे नाव फिट्झएडवर्ड हॉल.

हॉल यांचा जन्म २१ मार्च १८२५ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय या गावी झाला. १८४२ मध्ये स्थापत्य अभियंत्याची पदवी घेऊन ते हार्वर्डमध्ये दाखल झाले. १८४६ मध्ये पदवीदान तोंडावर आले असताना घरातून पळून गेलेल्या भावाच्या शोधार्थ त्यांना कलकत्त्याची वाट धरावी लागली. गंगेच्या मुखाशी जहाज फुटले आणि तरुण हॉल बंगालमध्ये अडकून पडले. वेळ घालविण्यासाठी त्यांनी हिंदुस्थानी, बंगाली, फारसी आणि संस्कृतचा अभ्यास आरंभिला. भावाला शोधायला आलेला माणूस भाषेत रमला तो कायमचाच.

१८५० मध्ये बनारसच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली आणि १८५३ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले. याच महाविद्यालयात पुण्यात जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले ज्योतिषी बापूदेव शास्त्री होते. ‘सूर्यसिद्धान्ता’ची हॉल यांनी संपादिलेली आवृत्ती १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली ती बापूदेवांच्या साहाय्याने. सांख्य ग्रंथ, सुबंधूची ‘वासवदत्ता’ अशी कामे याच काळातली. धनंजयाच्या ‘दशरूपका’ची त्यांची आवृत्ती १८६५ मध्ये निघाली. तिच्या शेवटी त्यांनी भरताच्या नाट्यशास्त्रातील काही अध्याय छापले. हा ग्रंथ तोपर्यंत नुसता नावाने माहीत होता. मराठी रंगभूमीचे अभ्यासक भरतमुनींचा दाखला वारंवार देतात, पण त्या ग्रंथाचा काही भाग प्रथम उजेडात आणणाऱ्या या अमेरिकन संपादकाची आठवण क्वचितच निघते.

पुढे शिक्षण खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आधी अजमेर-मेरवाड्यात आणि मग सागर भागात. १८५७ च्या उठावात सागरच्या किल्ल्यात अडकलेल्या गोऱ्यांमध्ये तेही होते. सात महिने त्यांनी बंदूक खांद्यावर घेऊन पहारा केला. फेब्रुवारी १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने तो वेढा उठविला. तीच फौज पुढे झाशीवर चालून गेली.

१८६२ मध्ये हॉल इंग्लंडात स्थायिक झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजात संस्कृत, हिंदुस्थानी आणि हिंदुस्थानातील कायदा यांचे अध्यासन आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयाची जबाबदारी अशी दोन मानाची पदे त्यांच्याकडे आली. सात वर्षांत सारे कोसळले. संस्कृतचे दुसरे विद्वान थिओडोर गोल्डश्टुकर यांच्याशी त्यांचे हाडवैर जडले. नियतकालिकांतून जहरी पत्रे झडली. १८६९ मध्ये इंडिया ऑफिसने त्यांना काढून टाकले. आपल्यावर मद्यपी आणि परकीय हेर असल्याचे आरोप ठेवले गेले, असे हॉल यांचे म्हणणे होते. फिलॉलॉजिकल सोसायटीशी असलेला संबंधही तुटला. हॉल यांचा स्वभाव सौम्य खचितच नव्हता आणि लेखणी तर त्याहून तिखट होती. तरीही एवढी शिक्षा या भांडणाला साजेशी होती असे म्हणवत नाही.

ते सफोक परगण्यातील मार्ल्सफर्ड या खेड्यात निघून गेले आणि एकांतवासात राहू लागले. संस्कृत मागे पडले आणि त्यांनी इंग्रजी भाषेकडे मोर्चा वळविला. त्या काळी शुद्ध इंग्रजीच्या रखवालदारांचा सुळसुळाट झाला होता. अमेरिकेतील रिचर्ड ग्रँट व्हाइट हे त्यांतले एक. घर ‘बांधले जात आहे’ या अर्थाचा ‘इज बीइंग बिल्ट’ हा प्रयोग व्हाइट यांना असह्य होई. हॉल यांनी कवी साउदी यांच्या १७९५ सालच्या पत्रात त्याचा दाखला शोधून दिला. त्यांची पद्धत एकच होती. नियम सांगणाऱ्याशी तर्क लढवत बसायचे नाही, दाखले समोर ठेवायचे.

‘हॅड रादर’वरील त्यांचा दीर्घ लेख १८८१ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिलॉलॉजी’त आला. डॉ. जॉन्सन यांनी आपल्या कोशात या प्रयोगाला भाषेत अलीकडे घुसलेला रानटी प्रकार ठरविले होते. बिशप रॉबर्ट लाउथ यांचे व्याकरण १७६२ मध्ये प्रथम निघाले आणि त्याच्या पुष्कळ आवृत्त्या झाल्या. त्यांचे निदान असे, की ‘आयड रादर’ हे ‘आय वुड रादर’चे बोलण्यातले संक्षिप्त रूप, लोकांनी ते चुकीने ‘हॅड’ असे सोडविले. निदान सुबक होते, पण खोटे. संक्षिप्त रूप रूढ होण्याच्या पुष्कळ आधीपासून ‘हॅड रादर’ लिहिले जात होते. शेक्सपिअरमध्ये ते जागोजागी आहे, १६११ च्या बायबलमध्येही आहे. त्याच्याही आधी ‘हॅड लीफर’ असा प्रयोग होता. ‘लीफ’ म्हणजे प्रिय आणि ‘लीफर’ म्हणजे अधिक प्रिय. ‘रादर’ हेही ‘लवकर’ या अर्थाच्या एका जुन्या शब्दाचे तुलनावाचक रूप. यातला ‘हॅड’ भूतकाळ दाखवीत नाही, तर ‘अमुक गोष्ट मी अधिक बरी मानीन’ असा संकेतार्थ दाखवितो. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘तू गेलेला बरा’ असे आपण म्हणतो तेव्हा जाणे अजून व्हायचेच असते, तरी रूप मात्र झालेल्या क्रियेचे असते. ‘वुड रादर’ही जुनेच आणि निर्दोष आहे, हॉल यांचा झगडा त्याच्याशी नव्हता, दुसऱ्याला अशुद्ध म्हणण्याशी होता. ‘हॅड बेटर’च्या जागी तर्कशुद्ध म्हणून ‘वुड बेटर’ बसविण्याचे प्रयत्नही झाले. इंग्रजीने ते मनावर घेतले नाहीत.

ज्या सोसायटीतून ते बाहेर पडले होते, तिच्याच पुढाकाराने ऑक्सफर्डचा महाकोश सिद्ध होत होता. संपादक जेम्स मरे यांना हॉल यांनी आपणहून मदत देऊ केली. सुमारे वीस वर्षे ते रोज चार-चार तास कोशाची मुद्रिते तपासून टपालाने परत धाडीत आणि सोबत आपल्या संग्रहातील अवतरणे जोडीत. मोबदला घेतला नाही. मरे यांनी ही मदत मोकळेपणाने मान्य केली.

१ फेब्रुवारी १९०१ रोजी मार्ल्सफर्ड येथे हॉल यांचे निधन झाले. कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडले. हिंदुस्थानात जमविलेली सुमारे एक हजार हस्तलिखिते हॉल यांनी हार्वर्ड विद्यापीठाला देऊन टाकली होती.