क्ष-किरणांचे जनक विल्हेल्म राँटगेन

चंदीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन संस्थेत, अर्थात पीजीआयमध्ये, मुख आरोग्याचे स्वतंत्र केंद्र आहे. अशा केंद्रांत कृत्रिम दात रोवण्यापूर्वी जबड्याच्या हाडाची उंची व रुंदी, तसेच खालच्या जबड्यातील मज्जातंतूचे स्थान तपासले जाते. हाड अपुरे असल्यास रोपण टिकत नाही; मज्जातंतूला इजा झाल्यास ओठ बधिर होण्याची भीती असते. हिरडी न उघडता ही तपासणी शक्य झाली ती जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांच्या शोधामुळे.

राँटगेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी लेनेप येथे एका कापड व्यावसायिकाच्या घरी झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. शिक्षकाचे व्यंगचित्र काढल्याचा आळ येऊन त्यांना उट्रेख्ट येथील शाळा सोडावी लागली. खऱ्या चित्रकाराचे नाव मात्र त्यांनी सांगितले नाही. पुढे प्रवेश परीक्षेच्या आधारे ते झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत दाखल झाले आणि १८६९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. शालान्त प्रमाणपत्राअभावी वुर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना अध्यापनाची मान्यता नाकारली होती. त्याच विद्यापीठात १८८८ साली ते प्राध्यापक आणि १८९४ साली कुलगुरू झाले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी प्रयोग करताना, काळ्या कागदाने झाकलेल्या विद्युत नळीपासून दूर असलेला रासायनिक लेप दिलेला पडदा चमकताना त्यांना दिसला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बेर्टा यांच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली होती. जानेवारी १८९६ मध्येच जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी सुमारे २५ मिनिटे लागली. आज मस्तकाभोवती फिरणारे यंत्र काही सेकंदांत जबड्याची त्रिमितीय प्रतिमा देते.

या शोधाचे एकस्व घेण्यास राँटगेन यांनी नकार दिला. १९०१ चे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी वुर्त्सबुर्ग विद्यापीठाला दिली. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनवाढीत त्यांची बचत मातीमोल झाली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी एकस्व न घेतल्यामुळे क्ष-किरण अल्पावधीतच जगभरातील रुग्णालयांत पोहोचले. चंदीगडमध्ये जबड्याची प्रतिमा काढून घेणाऱ्या रुग्णालाही त्याच औदार्याचा लाभ होत आहे.